खिळा, कळ आणि वाणी

वाङ्मयाचा इतिहास लिहिणारे ग्रंथकारांचीं चरित्रें लिहितात, ग्रंथांचे कालनिर्णय करतात, कोणत्या कवीवर कोणत्या पूर्वकवीची छाया पडली आहे याची चिकित्सा करतात. परंतु ज्या साधनांनीं तें वाङ्मय कागदावर उतरलें त्या साधनांचा इतिहास सहसा कोणी लिहीत नाहीं. बोरू, टांक, शिळाछाप, खिळे, टंकयंत्र हीं जणूं वाङ्मयाच्या घरचीं गडीमाणसें. त्यांचीं नांवें वंशावळींत येत नाहींत. आज मराठी मजकूर बहुतांशीं संगणकयंत्रांतून आणि हातांतल्या मोबाईलमधून जन्माला येतो. हें यंत्र मराठी कसें शिकलें, कोणाकडून शिकलें, आणि शिकतांना त्यानें मराठीस काय काय करावयास लावलें, हा प्रश्न म्हणूनच केवळ यंत्रशास्त्राचा नाहीं.

या इतिहासाचा बराच मोठा भाग मुलुंडकरांच्या अगदीं उंबरठ्याशीं घडला आहे, ही गोष्ट मुलुंडांतही फारशी कोणाच्या ध्यानीं आलेली दिसत नाहीं. मुलुंडला गाडींत बसून मुंबईच्या दिशेनें निघालें कीं नाहूर, भांडुप, कांजूरमार्ग आणि विक्रोळी अशीं चार स्थानकें लागतात. विक्रोळीस गोदरेजचा कारखाना. आणि कांजूरमार्गाहून पश्चिमेस वळलें कीं पवईचा तलाव व त्याच्या शेजारीं १९५८ सालीं स्थापन झालेली, आय. आय. टी. या नांवानें सर्वतोमुखीं झालेली संस्था. एका ठिकाणीं मराठी अक्षरें लोखंडांत बसविण्यांत आलीं. दुसऱ्या ठिकाणीं तीं लोखंडांतून सोडविण्याचे प्रयत्न झाले. मधलें अंतर दोन-तीन मैलांचें आणि अर्ध्या शतकाचें आहे.

आपली वर्णमाला मोठी शास्त्रशुद्ध आहे असें आपण अभिमानानें म्हणतों, आणि तें खरेंही आहे. तोंडांतील ज्या स्थानीं ध्वनि उत्पन्न होतो त्या क्रमानें कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य असे वर्ग पाडणाऱ्या पूर्वजांचे कान तिखट होते. परंतु हीच लिपि छापखान्यांत गेली कीं फार खर्चाची ठरे. जोडाक्षरें, वेलांट्या, उकार, मात्रा, रफार यांसाठीं जुळाऱ्याच्या खणांत कित्येक शें निरनिराळे खिळे ठेवावे लागत. जावजी दादाजी यांनीं १८६९ मध्यें काढलेल्या निर्णयसागर छापखान्यानें हे खिळे इतके सुबक केले कीं त्यांची कीर्ति महाराष्ट्राबाहेर गेली. पण सुबकपणानें संख्या कांहीं घटली नाहीं. लोकमान्य टिळकांनीं केसरीच्या व्यापांतून सवड काढून खिळे कमी करण्याचा उद्योग केला. पुढें सावरकरांनीं रत्नागिरीस असतां लिपिशुद्धीची चळवळ चालविली आणि अ ची बाराखडी पुरस्कारिली. या सर्व खटपटींचा रोख एकच होता: यंत्र आहे तसेंच राहणार, सबब लिपीनें आपलें अंग चोरून त्याच्या मापाचें व्हावें. त्या काळीं दुसरा मार्ग दिसत नव्हता, म्हणून त्यांस दोष देण्याचें कारण नाहीं.

टंकयंत्रानें हा आग्रह पराकाष्ठेस नेला. खणांत खिळे वाढवितां तरी येतात. टंकयंत्रावर चाळीस-पंचेचाळीस कळा, प्रत्येक कळीस दोन चिन्हें, कीं संपला हिशेब. तेवढ्यांत देवनागरी बसविण्यासाठीं कारागिरांनीं जी युक्ति केली ती मुळांतून पाहण्यासारखी आहे. ख, थ, ध, भ यांसारख्या उभा दंड असलेल्या कित्येक अक्षरांचें अर्धें रूप एका कळीवर ठेवावयाचें आणि दंड दुसऱ्या कळीवर. उकार, मात्रा, अनुस्वार यांच्या कळा अशा कीं त्या दाबल्या तरी कागदाचा गाडा पुढें सरकूं नये. ऱ्हस्व वेलांटी उच्चारांत व्यंजनामागून येते, पण कागदावर ती डावीकडे असते. म्हणून ती आधीं दाबावयाची. ‘विधि’ हा शब्द उमटवावयाचा तर वेलांटी, मग व, मग पुन्हां वेलांटी, मग अर्धा ध, आणि सरतेशेवटीं दंड. म्हणजे टंकलेखिका तो शब्द लिहीत नसे. त्याचें चित्र तुकड्यातुकड्यांनीं जोडीत असे. शाळेंत बाराखडी घोकून जें ज्ञान तिनें मिळविलें होतें त्याचा येथें कांहीं उपयोग नव्हता. कित्येक महिन्यांच्या सरावानें तिचीं बोटें ही नवी विद्या आत्मसात करीत, हें कौतुक तिच्या बोटांचें, यंत्राचें नव्हे.

गोदरेज कंपनीनें १९५५ सालीं देशी बनावटीचें टंकयंत्र सिद्ध केलें. स्वतंत्र झालेल्या देशानें इतकें नाजूक यंत्र स्वतः घडवावें याचा लोकांस अभिमान वाटला आणि तो योग्यच होता. विक्रोळीच्या कारखान्याचें नांव देवनागरी टंकयंत्रावर वाचीत वाचीत महाराष्ट्रांतील कारकुनांच्या दोन पिढ्या वाढल्या. टंकयंत्रांचें उत्पादन पुढें या शतकाच्या पहिल्या दशकाअखेर थांबलें. परंतु गंमत अशी कीं, संगणकावर मराठी लिहिण्यासाठीं जे कळफलक मिळतात त्यांत ‘गोदरेज’ आणि ‘रेमिंग्टन’ या नांवांच्या मांडण्या तरीही राहिल्या. लोखंड गेलें, त्याची शिस्त मात्र बोटांत उरली.

या सुमारास मुंबईच्या दुसऱ्या टोंकास, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत, एक अगदीं निराळें यंत्र आकार घेत होतें. रा. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखालीं तेथील तरुण मंडळींनीं १९५६ पर्यंत एक प्रायोगिक संगणक चालता केला आणि १९६० मध्यें पूर्ण यंत्र उभें केलें. त्यांत सुमारें २,७०० निर्वात नळ्या होत्या आणि त्याचा पोलादी सांगाडा अठरा फूट लांब होता. १९६२ सालीं पंडित नेहरूंनीं त्याचें ‘टिफ्रॅक’ असें नामकरण केलें. या यंत्राशीं बोलावयाचें तर शून्य आणि एक या दोनच अंकांच्या सांकेतिक भाषेंत. तथापि त्यास एक पडदाही जोडलेला होता, आणि त्यावर आलेख व अक्षरचिन्हें उमटत. आज घरोघर पडदे झाल्यामुळें यांत नवल तें काय असें वाटेल. पण यंत्रानें माणसाच्या डोळ्यांशीं बोलावें ही कल्पना तेव्हां जगांतही नवी होती. याच संस्थेंत पुढें पी. व्ही. एस. राव यांनीं मानवी वाणी यंत्रास ओळखतां यावी यासाठीं दीर्घकाल संशोधन केलें.

परदेशांत त्याच वर्षांत माणूस आणि संगणक यांच्यामधील वाटा एकामागून एक उघडत होत्या. १९६३ मध्यें आयव्हन सदरलंड यांनीं प्रकाशाच्या लेखणीनें पडद्यावर थेट आकृति काढून दाखविल्या. १९६८ च्या डिसेंबरांत डग्लस एंगलबार्ट यांनीं सॅन फ्रान्सिस्कोच्या एका सभेंत आपला ‘माऊस’ लोकांपुढें ठेवला. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीनें महत्त्वाचा प्रयोग १९८० चा. अमेरिकेंतील एम. आय. टी. मध्यें रिचर्ड बोल्ट यांनीं एका माणसास भिंतीएवढ्या पडद्यासमोर खुर्चींत बसविलें. त्यानें पडद्यावरील एका आकृतीकडे हात करून म्हणावें, ‘तें उचल’, मग दुसरीकडे हात करून म्हणावें, ‘तिथें ठेव’. आणि यंत्रानें तसें करावें. प्रयोग पोरखेळासारखा दिसतो; पण त्यांतलें मर्म व्याकरणाचें आहे. ‘तें’ आणि ‘तिथें’ या शब्दांस स्वतःचा असा अर्थ नाहीं. बोट दाखविल्याखेरीज ते पोकळ. आपल्या स्वयंपाकघरांत आजी सुनेस ‘अगं, तें जरा तिथें ठेव’ म्हणते तेव्हां अर्धें वाक्य तोंडांत असतें आणि अर्धें बोटाच्या टोंकावर. माणूस एकाच इंद्रियानें कधींच बोलत नाहीं. वाणी, हात, दृष्टि आणि स्पर्श यांस एकत्र घेऊन यंत्राशीं संवाद साधण्याचें जें शास्त्र पुढें वाढलें त्यास बहुमार्गी संवादाचें शास्त्र म्हणतां येईल. तें एका विद्येच्या माणसाचें काम नव्हे, हेंही लवकरच स्पष्ट झालें. त्यांत अभियंता हवा, भाषाशास्त्रज्ञ हवा, चित्रकार हवा, आणि ज्याच्यासाठीं हा सगळा खटाटोप तो सामान्य मनुष्यही हवा.

मराठीपुढें मात्र या सर्वांच्या आधींचा एक प्रश्न होता: यंत्राच्या पोटांत मराठी अक्षर म्हणजे काय ठेवावयाचें? टंकयंत्राप्रमाणें चित्राचे तुकडे, कीं उच्चाराचे वर्ण? कानपूरच्या आय. आय. टी. त आर. एम. के. सिन्हा, मोहन तांबे आदि मंडळींनीं आणि नंतर १९८८ पासून पुण्याच्या सी-डॅक संस्थेंत तांबे यांच्या गटानें जी दिशा धरली ती दुसरी. यंत्रानें वर्ण लक्षांत ठेवावा. त्याचें रूप कोठें अर्धें, कोठें पूर्ण, वेलांटी डावीकडे कीं उजवीकडे, ही चिंता लिहिणाऱ्यानें कां करावी? ती यंत्रानें करावी. याच तत्त्वावर ऐंशींच्या दशकांत सर्व भारतीय लिप्यांस समान असा ‘इन्स्क्रिप्ट’ कळफलक ठरला, आणि १९९१ सालीं वर्णसंकेतांचें भारतीय मानक निघालें. आतां ‘विधि’ लिहावयाचा तर व, वेलांटी, ध, वेलांटी: जसा उच्चार तशी कळ. मला या घटनेचें महत्त्व निर्णयसागराच्या स्थापनेहून कमी वाटत नाहीं. शतकभर लिपि यंत्रासाठीं वाकत होती; येथें प्रथमच यंत्र लिपीसाठीं वाकलें, आणि तेंही वर्णमालेच्या जुन्या शास्त्राचा आधार घेऊन.

पण वर्ण ठेवला म्हणजे अक्षर दिसतें असें नाहीं. तें रूप देण्यास अक्षराचा मर्मज्ञ लागतो. असा मर्मज्ञ रघुनाथ कृष्ण जोशी यांच्या रूपानें लाभला. जे. जे. च्या कलाशाळेंत शिकलेले आणि जाहिरातीच्या व्यवसायांत नांव मिळविलेले हे सुलेखनकार १९८३ मध्यें पवईच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रांत अध्यापक म्हणून आले. तेथील सेवेनंतर जुहूच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रांत सु. पां. मुदूर आदि संगणकशास्त्रज्ञांबरोबर त्यांनीं काम केलें. बोरूनें अक्षर वळविणारा हात आणि गणितानें वक्ररेषा बांधणारें डोकें यांची ही जोडी होती. एकट्याला तें काम साधलें नसतें. ‘मंगल’ हा जो देवनागरी अक्षरसंच पुढें जगभरच्या संगणकांत पोहोंचला तो जोशी यांचाच. फेब्रुवारी २००८ मध्यें ते वारले. ज्यांनीं ज्यांनीं संगणकावर मराठी वाचली त्यांनीं त्यांची अक्षरें वाचलीं आहेत, पण त्यांतल्या शेंकडा किती जणांस हें नांव ठाऊक असेल?

मधल्या काळांत एक मोठा घोटाळा झाला, त्याचा उल्लेख टाळतां येत नाहीं. शास्त्रशुद्ध मार्ग उपलब्ध असतांही छपाईच्या घाईंत नव्वदच्या दशकांत शेंकडों मराठी पुस्तकें, मासिकें आणि सरकारी कागद अशा अक्षरसंचांत जुळविले गेले कीं ज्यांत यंत्राच्या पोटांत रोमन अक्षरच असे आणि वर फक्त मराठीचा मुखवटा. तो विशिष्ट संच नसलेल्या यंत्रावर तीच धारिका उघडली कीं मजकुराच्या जागीं अगम्य चिन्हांची रास! छापील प्रत तरी राहिली; पण मूळ धारिका आज कित्येक ठिकाणीं मोडी कागदांहून दुर्बोध झाल्या आहेत, आणि मोडी वाचणारा निदान शोधून सांपडतो. या अराजकास उतारा मिळाला तो जागतिक ‘युनिकोड’ संकेतानें. त्यांतही मराठीस आपलें स्थान मागून घ्यावें लागलें. ‘ॲ’ या अक्षरास युनिकोडमध्यें स्वतंत्र जागा मिळाली ती २००८ सालीं. ‘वाऱ्यावर’ मधील चंद्रकोरीसारखा रफार हिंदींत नाहीं, म्हणून त्याची निराळी व्यवस्था लागली. ल आणि श यांचीं मराठी वळणें कोणतीं, हें महाराष्ट्र शासनानें ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयानें ठरवून दिलें.

आतां पुन्हां पवईकडे. इन्स्क्रिप्टनें वर्णाचा न्याय केला, तरी त्याचा फलक मुळांत इंग्रजी टंकयंत्राच्या सांगाड्यावरच बसविलेला. ज्यानें इंग्रजी कळफलक कधीं पाहिला नाहीं त्याला तेथें अक्षर शोधतांना घाम फुटे. औद्योगिक अभिकल्प केंद्रांतील अनिरुद्ध जोशी व त्यांचे सहकारी यांनीं साधा प्रश्न विचारला: मराठी मुलाला पाटीवर जो तक्ता पाठ आहे तोच कळफलक कां नसावा? त्यांतून ‘कीलेख’ हा कळफलक निघाला. कवर्ग, चवर्ग, टवर्ग अशीं व्यंजनें ओळीओळींनीं मांडलेलीं; आणि नवशिक्या माणसांपुढें नमुना ठेवावयाचा, तो कोठें अडखळतो तें पाहावयाचें, नमुना बदलावयाचा, पुन्हां ठेवावयाचा, असा त्याचा क्रम. या कामाचा वृत्तांत २००४ मध्यें व्हिएन्नाच्या परिषदेंत मांडला गेला.

मोबाईल आला आणि कळा नाहींशा होऊन काच राहिली. २०१३ सालीं त्याच केंद्रानें ‘स्वरचक्र’ बाहेर काढलें. क वर बोट टेकवावें, कीं त्याभोंवतीं का, कि, की, कु अशी बाराखडी चक्राकार उमलते. बोट न उचलतां हव्या त्या दिशेस सरकवावें आणि सोडावें. अक्षर निवडणें हा स्पर्श आणि स्वर देणें ही हाताची खूण, असें द्विविध काम एका हालचालींत होतें. पाय मोडला कीं कळांवर पुढचीं जोडाक्षरें आधींच दिसूं लागतात. मुलुंडच्या गर्दींत एका हातानें कडी धरून उभा असलेला प्रवासी दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानें मराठी लिहूं शकतो तो अशा युक्त्यांमुळें. तरी आपलीं सुशिक्षित मुलें मराठी निरोप रोमन अक्षरांत लिहितात, ही खंत आहेच. त्यांना दोष देण्यापूर्वीं त्यांच्या हातांत इतकीं वर्षें कोणता कळफलक दिला गेला होता हें आठवावें.

कोणी म्हणेल, आतां यंत्र बोललेलें ऐकतें. मग कळफलकाचा एवढा काथ्याकूट कशाला? वाणीचा मार्ग खरोखरच मोठा आहे, आणि ज्याला लिहितां येत नाहीं त्याला तर तो एकच मार्ग आहे. शेतकऱ्यानें दूरध्वनीवर पिकाचें नांव उच्चारावें आणि यंत्रानें त्याचा बाजारभाव सांगावा, अशी योजना कांहीं वर्षांपूर्वीं मद्रासच्या आय. आय. टी. च्या पुढाकारानें सहा भाषांसाठीं अनेक संस्थांनीं मिळून हातीं घेतली. मराठीचा भाग कुलाब्याची टाटा संस्था आणि पवईची आय. आय. टी. यांच्याकडे आला. काम ऐकावयास सोपें, पण बटाटा नागपुराकडे आलू होतो आणि हरभरा कोठें चणा होतो. शिवाय शेतकरी कांहीं बंद खोलींत बसून बोलत नाहीं. त्याच्यामागें वारा असतो, मोटार असते, कोंबडा असतो. म्हणून संशोधकांस जिल्ह्याजिल्ह्यांतून खऱ्या शेतकऱ्यांचे खरे आवाज गोळा करावे लागले. पुस्तकी मराठी शिकलेलें यंत्र बांधावर बहिरें ठरलें असतें. उलट वाणीनें सगळें भागतें असेंही नाहीं: भरल्या गाडींत घरगुती गोष्ट मोठ्यानें कोण बोलेल? कोठें कान, कोठें बोट, कोठें दोन्ही. कळफलकास वाणीची जोड दिली असतां लेखन अधिक जलद आणि कमी चुकांचें होतें, असा निष्कर्ष पवईच्या संशोधकांनीं २०१९ सालीं मांडला.

या सर्व प्रयत्नांची खरी कसोटी लागली ती दृष्टिहीनांपाशीं. डोळ्यांच्या मार्गानें येणारें सगळें ज्याला वर्ज्य, त्याच्यासाठीं गुळगुळीत काच म्हणजे कोरी भिंत. स्वरचक्राची दृष्टिहीनांसाठीं जी आवृत्ति झाली तींत बोट अक्षरावर टेकलें कीं यंत्र तें अक्षर उच्चारतें; बोट विचारतें, वाणी उत्तर देते, आणि मग बोट ठरवितें. दृष्टिहीन व्यक्तींकडून मराठी मजकूर लिहवून घेऊन या कळफलकाची परीक्षा करण्यांत आली, आणि त्या संशोधकांत स्वतः दृष्टिहीन असलेले बुद्धिबळपटु व संगणकतज्ज्ञ चारुदत्त जाधव हेही होते. ज्याच्यासाठीं साधन करावयाचें त्यालाच कर्त्यांच्या पंक्तीस बसविणें, ही मला या साऱ्या उद्योगांतील सर्वांत भली गोष्ट वाटते. त्यांचा निबंध सप्टेंबर २०१७ मध्यें मानव-संगणक-संवादाच्या ज्या आंतरराष्ट्रीय परिषदेंत आला, ती पवईसच भरली होती.

दृष्टिहीन वाचकासाठीं मराठी मोठ्यानें वाचणाऱ्या यंत्रापुढें आतां जो पेंच आहे तो मात्र परदेशांतून सुटून येणारा नाहीं. च, ज आणि झ यांचे मराठींत दोन दोन उच्चार आहेत आणि लिपि ते वेगळे दाखवीत नाहीं. ‘चार’ माणसें आणि गुरांचा ‘चारा’ यांतला च एक नव्हे. ‘जरा थांब’ मधील जरा आणि ‘जरा-मरण’ मधील जरा कागदावर तंतोतंत सारखे. डोळस वाचक संदर्भावरून जीभ बदलतो आणि आपण कांहीं विशेष केलें हें त्याच्या गांवींही नसतें. यंत्राला तो संदर्भ शिकवावयाचा तर मराठी शब्दांची, त्यांच्या उच्चारांसह, वाक्यावाक्यांनीं नोंद करावी लागते. हें काम अभियंत्याचें कमी आणि मराठीच्या शिक्षकाचें, कोशकाराचें, कथेकऱ्याचें अधिक आहे. आणि अशीं माणसें मुलुंडापासून विक्रोळीपर्यंतच्या घरांतून आजही थोडीं नाहींत.